पालथा हात

"ताई, हात नका लावू!" मेकॅनिक ओरडला, पण तोवर नर्सबाईंनी मागच्या चाकाला बोट लावलंही होतं. चटका बसताच त्यांनी ते बोट कानाच्या पाळीला धरलं.

"तिसऱ्यांदा, दादा," त्या वैतागून म्हणाल्या. "दोन महिन्यांत तिसऱ्यांदा. घरून इथवर गाडी अशी आली की जणू कुणी मागून धरून ठेवलीय. आज नाही जमलं तर विकून टाकते. ड्यूटीला जाताना रस्त्यात धूर निघतो, माणसं थांबून बघतात."

मेकॅनिक चाकापाशी उकिडवा बसला. बोलायला तोंड तरी कुठे होतं? पहिल्यांदा त्याने मागचे दोन्ही ब्रेक सिलिंडर बदलले होते, दुसऱ्यांदा ब्रेकचे शू आणि स्प्रिंगा. दोन्ही वेळा गाडी लोण्यासारखी पळत गेली आणि तीन आठवड्यांत रडत परत आली. त्यातून नर्सबाई म्हणजे उस्तादांची मुलगी. ज्या माणसाने त्याला पाना धरायला शिकवलं, त्याच्याच घरची गाडी त्याला नीट होत नव्हती. गावभर कुणी नावं ठेवली असती तरी त्याने हसून सोडून दिलं असतं. पण उस्तादांपुढे खाली मान घालायची म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

आणि उस्ताद तर समोरच्या बाकावर बसले होते. हल्ली त्यांना घरी एकटं ठेवता येत नसे. कधी माणसं विसरत, कधी जेवलो की नाही ते विसरत. अंगात मात्र इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला सवयीप्रमाणे दहा नंबरचा पाना, कारकुनाच्या खिशाला पेन असावं तसा. गॅरेज मेकॅनिकच्या हाती सोपवताना त्यांनी तेवढा एक पाना नेला होता. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली होती, जे ज्याचं ते त्याच्या जागी जावं म्हणून. त्यात दहा नंबरची आकृती आठ वर्षं रिकामी होती. मेकॅनिकने नवा दहा नंबर आणला, पण तो तिथे कधी टांगला नाही.

"कोण आलंय?" उस्तादांनी विचारलं.

"मी, उस्ताद. चौकश्या."

"हां, चौकश्या!" उस्ताद हसले. हे नाव त्यांनीच ठेवलेलं. शिकत असताना हा गडी कामापेक्षा प्रश्नच जास्त करी. हे का फिरतं, ते का अडतं, आणि अडलं तर मग काल का नाही अडलं. "अजून डोकं खातोस का लोकांचं?"

"खातो की."

चौकश्याने पालथा हात आधी डाव्या चाकाजवळ नेला, मग उजव्या. ही उस्तादांचीच शिकवण. तळहाताला घट्टे पडलेले असतात, तो खोटं बोलतो. चाकाचा ताप विचारायचा तर पालथ्या हाताने विचार. दोन्ही चाकं सारखीच तापली होती. त्याने गाडी जॅकवर घेतली आणि चाक फिरवून पाहिलं. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे ते कण्हत पाव फेरा सरकलं. दुसरंही तसंच.

त्याला नवल वाटलं. दोन भाऊ एका घरात राहिले तरी एकाच दिवशी, एकाच अंशाच्या तापाने आजारी पडत नाहीत. दोन्ही चाकांत एकच रोग असेल, तर तो चाकांत नाहीच; दोघांना जोडणारं जे काही आहे, त्यात आहे. आणि दोघांना जोडते ती हँडब्रेकची तार.

सवयीने त्याचा हात पान्याकडे गेला. चाकातला ब्रेकचा ड्रम उघडण्याआधी तार सैल करायची, हा उस्तादांचा पहिला धडा. गेल्या दोन्ही वेळी त्याने तो डोळे झाकून पाळला होता. पाना नट सोडवत होता आणि लक्ष आधीच चाकांकडे लागलेलं होतं. तो जागच्या जागी थांबला. म्हणजे दोन्ही वेळा पुरावा आपणच पुसला! रोग तारेत असेल तर तार सैल करताच तो गेला, आणि आपण मात्र ड्रम उघडून नसता उद्योग करत बसलो. "वा रे शहाण्या," तो स्वतःलाच म्हणाला.

या वेळी त्याने आधी पाहिलं. हँडब्रेकच्या दांड्याखालचं झाकण काढलं, बॅटरीचा उजेड टाकला. मागच्या खेपेला त्याने नटापुढे चार आटे सोडले होते. आज अकरा होते. कुणीतरी नट आवळत आवळत तार ताणली होती. पाठीत धाडकन धपाटा बसावा तसं त्याला झालं ते मात्र पुढचं पाहून. नटाच्या सहाही बाजूंवर लाल रेघा होत्या.

नट आवळला की त्यावर लाल रंगाची रेघ ओढायची, म्हणजे तो हलला तर कळतं. असं करणारा एकच माणूस त्याला माहीत होता.

"ताई, घरात लाल नेलपॉलिश आहे?"

"होतं. हल्ली सापडत नाही. का हो?"

"काही नाही. आणि तुम्ही रात्रपाळी करून दुपारी झोपता तेव्हा बाबा काय करतात?"

"अंगणात गाडीत जाऊन बसतात. बसू देते. तेवढंच त्यांना बरं वाटतं."

चौकश्याने नट सोडवला. चाकाला एका बोटाने ढकललं, तर ते भिरभिर फिरत राहिलं. मग त्याने हँडब्रेक पाच टकांवर बसवला, म्हणजे दांडा ओढताना पाचदा टक वाजलं की चाकं धरावीत असा, बरोबर जिथे बसायला हवा तिथे, आणि गाडी खाली उतरवली. खरं म्हणजे काम संपलं होतं. पण 'का' अजून शिल्लक होता, आणि तो शिल्लक असताना चौकश्याला पाणीसुद्धा गोड लागत नसे.

"उस्ताद, जरा बघता का? ठीक बसलाय का हँडब्रेक?"

उस्ताद तरतरीत उठले. सीटवर बसून त्यांनी दांडा ओढला. टक. टक. तिसऱ्या टकेला हाताची ताकद संपली. दात-ओठ खाऊन त्यांनी पुन्हा जोर लावला, पण दांडा पुढे सरकेना.

"सैल आहे," ते म्हणाले. "इतका ओढूनही चाकं धरत नाही. उतारावर धरणार नाही." आणि त्यांचा हात आपसूक खिशातल्या पान्याकडे गेला.

नर्सबाईंच्या तोंडून निघून गेलं, "बाबा! म्हणजे तुम्हीच..."

चौकश्याने त्यांना हाताने थांबवलं, पण उस्तादांनी ऐकलं होतं. ते वाकले. त्यांनी नटावरच्या रेघांवरून बोट फिरवलं.

"ही खूण माझी आहे."

"हो, उस्ताद."

"ताजी आहे."

"हो."

"म्हणजे चाकं मी जाळली. रोज आवळत असेन, आणि रोज विसरत असेन." ते मुलीकडे वळले. "अंगण उताराचं आहे गं. तू दमून झोपतेस. मला सारखं वाटतं गाडी घसरेल, फाटकाबाहेर जाईल, आणि तुला कळणारपण नाही."

नर्सबाईंनी तोंड फिरवलं. विकून टाकते म्हणताना त्यांनी जो आवाज काढला होता, तो आता कुठल्या कुठे गेला होता.

उस्तादांनी आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला. "तार सैल नव्हती, चौकश्या. हा झालाय सैल."

नाही म्हणावं तर खोटं, आणि या माणसासमोर चौकश्या कधी खोटं बोलला नव्हता. तो मागे गेला, लाकडाचा एक जाड तुकडा शोधला, करवतीने तिरपा कापला, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि उस्तादांच्या हातात दिला.

"उतारावर नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नकोस, चाकामागे ठोकळा लाव. कोण म्हणायचं हे?"

"मीच म्हणायचो."

"मग आता ते काम तुमचं. ताई आल्या की लावायचा, निघाल्या की काढायचा. गाडी हलणार नाही, मी सांगतो."

नर्सबाई गाडीने एक मोठा फेरा मारून आल्या. उस्ताद वाकून मागच्या चाकापाशी गेले, पालथा हात टेकवला आणि डोळे मिटले.

"थंड आहे," ते म्हणाले. मग गॅरेजची फरशी सपाट असूनही त्यांनी ठोकळा चाकामागे नीट बसवला, आणि निघताना स्वतःच काढून मांडीवर घेतला.

गाडीत बसण्याआधी ते एकदा फळीजवळ गेले होते. काय करताहेत ते चौकश्याने पाहिलं नाही, म्हणजे पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. गाडी वळणाआड गेल्यावर तो फळीपाशी आला. आठ वर्षांच्या रिकाम्या आकृतीत दहा नंबरचा पाना बरोबर बसला होता. त्याने त्याला पालथा हात लावला. पाना अजून कोमट होता.