जवळचा तारा

खुर्चीखाली चिकटवलेलं च्युइंगम वाळलं की दगड होतं. मग खरवडायला पत्र्याची पट्टी लागते.

वहिनी भाजी आणायला अजून दादाच्या चपला घालून जाते.

उजेडाला कितीही घाई असो, अंतरापुढे त्याचं काही चालत नाही.

गुलाबाचा वास. बाटलीतला.

मी तारांगणात निवेदक आहे. अंधारात माइकसमोर बसून लोकांना आकाश दाखवतो. आमच्या साहेबांना आम्ही फवारा म्हणतो, कारण 'स्मृतितारा' हा त्यांचा नवा खेळ सुरू होण्याआधी ते स्वतः घुमटाखाली गुलाबाचा फवारा मारून येतात. वासाने डोळे लवकर भरतात म्हणे.

खेळ असा. ज्यांचं कुणी गेलंय त्यांनी एक तारा निवडायचा. आपल्याकडून निघालेला उजेड तिथे पोचायला वर्षं लागतात. म्हणजे तिथून कुणी आज इकडे पाहिलं, तर त्याला तेव्हाची पृथ्वी दिसेल आणि तिच्यावर आपला माणूस, चालता-बोलता. हे खरं आहे. त्याचीच किळस येते. खोटं असतं तर थुंकून मोकळा झालो असतो.

मी लिहिलं होतं, 'दिसला असता'. फवाऱ्याने ते खोडून 'दिसतो आहे' केलं. मग 'दिसतो'ही खोडलं. उरलं 'आहे'.

"असता-बिसता काय लावलंय? व्याकरणाचा तास आहे का?"

"साहेब, तिथे बघायला कुणी नाहीये."

"इथे रडायला आहेत ना! आणि काही वर्षांनी तारा संपला की—"

"संपला म्हणजे?"

"अहो, गेल्याची बातमी तिथेही कधीतरी पोचणारच. मग त्यांना त्याच्या मागचा तारा द्यायचा. आभाळात काय माल कमी आहे?"

बोटाला थुंकी लावून त्यांनी पान उलटलं. ते पान मी कोपऱ्याला धरून घरी नेलं.

आणि आज वहिनी आली. दादा गेल्यापासून ती झोपेत दचकून उठायची. आत्ता कुठे सलग झोपू लागली होती. मी नको नको म्हणत होतो, पण शेजारणीने तिच्या डोक्यात भरवलं.

"पुढेच बसते, भाऊजी. माइकवर तुमचा आवाज अगदी ह्यांच्यासारखा लागतो."

मी तिच्या हातातलं तिकीट बघितलं.

"तारा कुठला घेतलात?"

"शेजारीण लांबचा घे म्हणत होती. मी म्हटलं, लांब कशाला? जवळचाच घेतला. तेवढेच हे जवळ."

जवळचा. म्हणजे चारेक वर्षांपूर्वीचा, दादाच्या आजारपणातला उजेड आत्ता कुठे तिथे पोचत असणार. नाकात नळी, अंथरूण, उलट्या. सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात दिवे गेले.

फवारा दाराशी हाताची घडी घालून उभा. मी एकेक तारा उजळत गेलो, एकेकाला 'आहे' म्हणत गेलो. प्रत्येक 'आहे' तोंडात दुसऱ्याच्या उष्ट्या घासासारखं लागत होतं. तिच्या ताऱ्याची पाळी आली. तेच वाचलं.

"भाऊजी," अंधारातून तिचा आवाज, "तिथे कधीचा उजेड पोचलाय?"

फवारा खाकरला. मी माइक बंद केला नाही.

"दादा आजारी होता, तेव्हाचा."

कुणाची तरी खुर्ची करकरली.

"म्हणजे हे तिथे अजून ओकतायत? आणि भांडं धरून मी उभीच?"

"नाही, वहिनी. तिथे कुणी असतं तर तसं दिसलं असतं. नुसतं दिसलं असतं. दादाचं ते सगळं संपलं. कुठेही चालू नाहीये."

"मग 'आहे' कशाला म्हणालात?"

"लिहून दिलं होतं."

"शी," ती म्हणाली. माझ्यासाठी की फवाऱ्यासाठी, कळलं नाही. दोघांनाही चालण्यासारखं होतं.

मागून एक म्हातारे गृहस्थ उठले. "अहो निवेदक, आमच्या हिचंही संपलंय ना? नक्की?"

"संपलंय, काका."

"बरं झालं," ते म्हणाले आणि मटकन खाली बसले.

फवाऱ्याने दिवे लावले. "उद्यापासून येऊ नका," हे त्याने हसतमुखाने, लोकांकडे बघत सांगितलं.

बाहेर पायरीवर वहिनी रुमालाने तोंड खसाखसा पुसत होती. "चला," म्हणाली. "आज झोपेन बहुतेक."

दादा गेला तेव्हा दुपार होती, आणि वहिनी औषध आणायला दुकानात गेली होती. तो उजेड तिथे अजून पोचायचाय, पण तिला आता त्याची वाट बघायची नाही.