खांब खालून वर वाचतात

गुरुवारी सकाळी गावच्या हॉलमध्ये मी संगणक शिकवतो. म्हणायला वर्ग, पण येते एकटी लॉरेन. चाळीस वर्षं गाई दुहून झाल्यावर सहासष्टाव्या वर्षी ती जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेच्या मागे लागली आणि पहिल्याच फटक्यात तिनं ओढ्याचं वेबपान केलं. गावात येणारा रस्ता ओढ्यातूनच जातो; तिथल्या खांबावरचं मोजयंत्र पाण्याची उंची पाठवतं आणि पान सांगतं, गाडी घालायची की नाही. ते तपासून पास मीच केलं होतं, हे आधीच कबूल करतो.

त्या दिवशी आमच्याकडे लख्ख ऊन होतं, पण वर डोंगरात रात्रभर कोसळला होता. खिडकीतून पाहिलं तर ओढा तांबडा झालेला आणि खांबावरचा साठ सेंटीमीटरचा पट्टा कधीच बुडालेला. लॉरेननं फोनवर पान उघडलं. पान सांगत होतं, ‘उंच गाड्यांनी सावकाश जावं.’

"शहरातून टीगन निघालीय इकडे," ती म्हणाली.

टीगन तिची नात. गाडी उंच, मागच्या सीटवर सहा महिन्यांचं बाळ, आणि आजीच्या पानावर तिचा भलता विश्वास. वाटेत रेंज मिळते ती फक्त पेट्रोल पंपाशी. तिथे माणूस नाही, कार्ड टाकायचं यंत्र आहे. तिथे थांबून ती पान बघणार आणि पुढे निघणार. फोन तीनदा लावला, लागला नाही. आमच्या हाती फार तर वीस मिनिटं होती.

मी कीबोर्ड ओढायला गेलो, तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. "घाण मी केलीय, निस्तरते मी. तू नुसतं तोंड चालव."

ही काय हट्टाची वेळ होती? पण लॉरेनपुढे बैलसुद्धा माघार घेतात. ती आधी कंस मोजत बसली. कंस बरोबर होते. मग मोजयंत्राकडून आलेला आकडा बघितला, चौऱ्याण्णव, तोही बरोबर. शेवटी मी तिला मोठ्यानं वाचायला सांगितलं.

"पाणी वीसच्या वर असेल, तर उंच गाड्यांनी सावकाश. नाहीतर, साठच्या वर असेल, तर रस्ता बंद. नाहीतर खुला."

ऐकायला अगदी बरोबर वाटलं, आणि तिथेच माझी मला लाज वाटली. आमच्याकडे पोरंसोरंसुद्धा तो खांब खालून वर वाचतात: वीस, साठ, संपलं. लिहिताना तिनं तसाच वाचला होता, आणि तपासताना मीही.

"चौऱ्याण्णव वीसच्या वर आहे का?" मी विचारलं.

"आहे की."

"मग ते पुढची ओळ कशाला बघेल?"

तिनं पडद्यावरच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "म्हणजे पहिलं ‘हो’ मिळालं की हे गाढव तिथेच थांबतं."

"तिथेच. साठपर्यंत पोचतच नाही."

तिनं साठची ओळ उचलून वर नेली. घाईत त्या ओळीचं ‘नाहीतर’ही सोबत गेलं आणि सगळं पान पांढरं पडलं. तिनं एक शिवी हासडली, ‘नाहीतर’ तिथून काढून वीसच्या ओळीला लावलं आणि पान पुन्हा इंटरनेटवर चढवलं. पान लाल झालं: ‘रस्ता बंद.’

मग आम्ही फोनकडे बघत बसलो. सहा मिनिटांनी तो वाजला.

"आजी, मी पंपावर आहे. निघताना तुझं पान जा म्हणत होतं, आता बंद म्हणतंय. कुठलं खरं?"

"आत्ताचं," लॉरेन म्हणाली. "मागे फिर. शहरातल्या बेकरीत बस बाळाला घेऊन. मी सांगितल्याशिवाय निघू नकोस."

फोन ठेवून तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला हायसं वाटलं.

"चहा टाक," ती नाक पुसत म्हणाली. "मग सगळे आकडे घालून तपासू. शून्यापासून सुरू करू."

"शून्यापासून नको," मी म्हणालो. "वरून खाली ये."

तिनं मला बिस्कीट फेकून मारलं आणि रडता रडता हसायला लागली.