पुठ्ठ्याचं केळवण

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे आणि मला राग आला आहे. पाटाला कसला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. जमिनीपासून चार बोटं उंचीवर जगणाऱ्यानं डोकं शांत ठेवावं हे मलाही कळतं. पण त्या रविवारी माझ्यावर जे बसवलं गेलं ते तुम्ही पाहिलं असतं, तर तुमच्याही अंगाचा तिळपापड झाला असता. ते सगळं सांगतोच. आधी माझ्याबद्दल थोडं ऐका.

माझा जन्म नारायण पेठेतला. तिथे पोपट मिस्त्री नावाचे सुतार होते. त्यांनी सागवानाची एक लांब फळी घेतली आणि मधोमध कापली. एका तुकड्याचा मी झालो, दुसऱ्याचा माझा जोडीदार. त्यामुळे आम्हाला शेजारी शेजारी ठेवलं की माझ्या अंगावरच्या लाकडाच्या रेषा सरळ त्याच्या अंगावर जातात. मात्र मी डावीकडे आणि तो उजवीकडे असायला हवा. उलटं ठेवलं तर रेषा मध्येच तुटतात आणि आम्ही दोघं कुठल्या तरी भंगारातून गोळा केल्यासारखे दिसतो. मिस्त्रींनी आमच्या कोपऱ्यांवर पितळी फुलं ठोकली, तेलपाणी केलं आणि समोर उभ्या असलेल्या मुलीला सांगितलं, "बाई, ही जोडी आहे. एक इकडे आणि एक तिकडे करू नका."

ती मुलगी म्हणजे दुर्गाबाई. तेव्हा त्यांच्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. त्यांनी आम्हाला नऊवारीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून रिक्षात मांडीवर घेतलं. पुढे कोथरूडच्या सोसायटीत घर झालं तेव्हा सामानाच्या टेम्पोवरही त्यांचा विश्वास नव्हता, आम्ही पुन्हा मांडीवरच. सणासुदीला मी आणि माझा जोडीदार मांडले जायचो, रांगोळी निघायची, आणि दुर्गाबाई आणि त्यांचे यजमान जोडीनं जेवायला बसायचे. त्यांच्या मुलाची, संतोषची मुंज माझ्यावर झाली. भाऊबीज तर विचारूच नका.

अकरा वर्षांपूर्वी यजमान गेले. त्यानंतर दुर्गाबाई टेबलावर जेवायला लागल्या, एकट्याच. वर्षभर आम्ही पलंगाखाली धूळ खात पडलो. मग एक दिवस त्यांनी आम्हाला पुसलं, तेलाचा हात फिरवला आणि सोसायटीच्या हॉलमधल्या काचेच्या कपाटात नेऊन ठेवलं. "माझ्याकडे पडून राहण्यापेक्षा चार जणांच्या उपयोगी पडू देत," एवढंच म्हणाल्या.

मित्रांनो, मी खरोखर चार जणांच्या उपयोगी पडलो. बारशी, डोहाळजेवणं आणि सगळ्यांत जास्त केळवणं. लग्न ठरलेल्या मुलीला किंवा मुलाला आपली माणसं लग्नाआधी जेवायला बोलावतात, पाटावर बसवून ओवाळतात, आग्रहानं वाढतात, ते केळवण. सोसायटीतली एकूण एकोणीस केळवणं आमच्यावर झाली. "काय वजनदार पाट आहेत हो, असे आता मिळत नाहीत," असं जो तो म्हणायचा. कौतुक करणाऱ्यांनीच एकदा रंगकामाच्या वेळी माझ्यावर रंगाचा डबा ठेवला आणि हॉलचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दोन महिने मला दाराला लावून ठेवलं, तो भाग वेगळा. त्याचा मला राग नाही. काम म्हणजे काम.

आता रागाच्या गोष्टीकडे येतो. हॉलमध्ये मोठा टीव्ही आला आणि रोज संध्याकाळी तिथे बायका आणि निवृत्त पुरुष मिळून एक मालिका बघू लागले. तिचं नाव मी सांगणार नाही. नाव घेऊन तिची फुकटची जाहिरात मी का करू? तिच्यात राजनंदिनी नावाची एक विधवा आहे आणि दिग्विजय नावाचा एक माणूस आहे, जो भर उन्हाळ्यात कोट घालतो. या दोघांनी लग्न करावं की नाही, यावरून आमच्या हॉलमध्ये दोन तट पडले.

एका तटाच्या म्होरक्या मंदाकिनी. त्या सोसायटीच्या कमिटीवर आहेत आणि हॉलच्या वहीत कुणाला कोणत्या दिवशी हॉल मिळणार, पाट मिळणार, ते त्याच लिहितात. त्यांचं म्हणणं, लग्न झालंच पाहिजे. दुसऱ्या तटात नसीमताई. त्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत आणि अजूनही समोरच्यानं गृहपाठ केलेला नाही अशाच नजरेनं बघतात. "आधीचं लग्न तीन वर्षं लपवणारा माणूस कसला नवरा होणार?" असं त्या विचारायच्या. मग मंदाकिनी उसळायच्या. दोघींनी एकदा आठवडाभर एका लिफ्टमधून जायचं टाळलं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मतदान झालं. पाण्याच्या टँकरवर कधी झालं नव्हतं इतकं मतदान झालं.

एका संध्याकाळी मंदाकिनी उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, "नवरा गेला म्हणून बाईनं हसायचंही नाही का? माणसाला माणूस लागतं! कुणाच्या बापाची भीती आहे तिला?" हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या खुर्चीवर दुर्गाबाई मटार सोलत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. त्या टाळ्या मालिकेतल्या बाईसाठी आहेत की जगातल्या सगळ्याच बायकांसाठी, याचा त्या विचार करत असाव्यात. त्यांनी चुकीचं उत्तर काढलं.

कारण, मित्रांनो, दुर्गाबाईंच्या मनात एक माणूस होता. महिपतराव. हडपसरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, पत्नी जाऊन सात वर्षं झालेली, आणि हॉलची किल्ली सांभाळणारे. दुर्गाबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा या गृहस्थांनी पंधरा दिवस रोज सकाळी हॉलमध्ये बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं होतं. अगदी निधनवार्तांसकट. मी काचेआडून सगळं ऐकत होतो. सोळाव्या दिवशी डोळे बरे झाले, तरी दुर्गाबाई आल्या. महिपतरावांनी काही न विचारता पेपर उघडला.

पुढे त्यांनी लग्नाचं विचारलं. दुर्गाबाईंनी ते मुलाला सांगितलं. संतोष म्हणाला, "आई, तू ठरव, मी तुझ्याबरोबर आहे." पण त्यांना धीर होईना. टाळ्या ऐकल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या हॉलमध्ये आल्या आणि महिपतरावांना म्हणाल्या, "मी घरी छोटंसं केळवण करते. या सोसायटीत मी तीस वर्षं राहिलेय. यातली चार माणसं जरी आनंदानं जेवायला आली, तर आपण नोंदणी करू. चारही नाही आली, तर मात्र राहू द्या. रोज जिन्यात खाली मान घालून चालायचं माझ्यानं व्हायचं नाही."

"चार काय, चाळीस येतील," महिपतराव म्हणाले. साधा माणूस.

दुर्गाबाई पाट मागायला मंदाकिनींकडे गेल्या. वही कपाटासमोरच्या टेबलावरच असते, म्हणून हा सगळा प्रकार माझ्या डोळ्यांदेखत घडला.

"येत्या रविवारी पाट हवे होते गं."

"रविवारी? अहो काकू, रविवारी राजनंदिनी आणि दिग्विजयचं केळवण आहे ना हॉलमध्ये! ग्रुपवर वाचलं नाही का तुम्ही? दुपारी साखरपुड्याचा महाएपिसोड, त्याआधी केळवण. त्यांचं मोठं चित्र छापून पुठ्ठ्यावर लावतोय आम्ही."

"साखरपुड्याच्या आधीच केळवण?"

"पुढच्या आठवड्यात त्यांना वेळ नाहीये. लगेच लग्न आहे. तुमच्याकडे कुणाचं काय आहे?"

"माझं," दुर्गाबाई म्हणाल्या. "माझं आणि महिपतरावांचं. चार माणसांना बोलवायचं आहे. तूही ये."

मंदाकिनींनी पेन खाली ठेवलं. "अगं बाई, म्हणजे लोक म्हणतात ते खरंय तर! काकू, रागावू नका, पण या वयात हे शोभतं का? सोसायटीत लहान मुलं आहेत, त्यांच्यावर काय परिणाम होईल? तुम्ही आपलं घरातल्या घरात उरका काय ते, आम्हाला नका त्यात ओढू." आणि मग, अगदी त्याच दमात, "रविवारी अळूची भाजी तुमच्याकडे दिली आहे हं. तुमच्या हातचीच लागते सगळ्यांना."

आणि दुर्गाबाई म्हणाल्या, "करते."

मला त्या क्षणी मंदाकिनींपेक्षा दुर्गाबाईंचाच जास्त राग आला. "करते" काय? पाट तुमचे, अळू तुमचं, आणि मान पुठ्ठ्याचा? मला पाय आहेत, चांगले चार आहेत, पण ते उचलता येत नाहीत, याचं एवढं दुःख मला कधी झालं नव्हतं. त्या आठवड्यात त्यांनी आणखी सात घरांत आमंत्रण दिलं. सातही घरांना नेमकं त्याच दिवशी काहीतरी काम निघालं. एका घरातून तर ग्रुपवर एक हसरा चेहरा आला, तो पाठवणाऱ्यानं लगेच काढून टाकला. शुक्रवारी दुर्गाबाई महिपतरावांना म्हणाल्या, "राहू द्या आता."  महिपतरावांनी हॉलच्या खिडक्या बंद केल्या, मग एक पुन्हा उघडली, मग पुन्हा बंद केली.

रविवार उजाडला. आम्हाला बाहेर काढून ओल्या फडक्यानं खसाखसा पुसलं गेलं आणि उलटं मांडलं गेलं. मी उजवीकडे, जोडीदार डावीकडे, रेषा तुटलेल्या. भोवती सुरेख रांगोळी निघाली, ताटांभोवती महिरप निघाली. आणि मग पुठ्ठ्यावर चिकटवलेलं ते छापील जोडपं आलं. चित्रात दोघं उभी होती. पाटावर बसलेली दिसावीत म्हणून मंदाकिनींनी त्यांना एकमेकांपासून आणि कंबरेखाली कात्रीनं कापलं आणि मागून काठीचा टेकू दिला. मी आयुष्यभर माणसं पेलली आहेत, मित्रांनो. जाडी, बारीक, रडणारी, लाजणारी, मुंजीत चुळबुळणारी. माझ्यावर अर्धा दिग्विजय ठेवला, तेव्हा त्याला पंख्याच्या वाऱ्यातही धड बसता येत नव्हतं.

त्याला ओवाळलं. त्याच्या पुढ्यात मसालेभात वाढला, जिलेबी वाढली. दोन-तीन जणींनी राजनंदिनीच्या वतीनं उखाणेसुद्धा घेतले. दुर्गाबाई अळूच्या भाजीचं पातेलं आणि पळी घेऊन पंगतीत वाढत होत्या. महिपतराव नेहमीसारखे दाराशी किल्ली घेऊन उभे होते. त्यांना कुणी जेवायला बसा म्हणालं नव्हतं.

एक वाजता महाएपिसोड सुरू झाला. दिग्विजयनं अंगठी पुढे केली. तेवढ्यात पडद्यावरच्या शेजारणी एकमेकींच्या कानात कुजबुजल्या. राजनंदिनीनं त्यांच्याकडे पाहिलं, आपला हात मागे घेतला आणि म्हणाली, "लोक काय म्हणतील?"

हॉलमध्ये हाहाकार उडाला. मंदाकिनी पानावरून उठल्या. डोळ्यांत खरं पाणी होतं, खोटं बोलणार नाही. त्या टीव्हीकडे हात करून ओरडल्या, "अगं वेडे, लोकांचं काय घेऊन बसलीस! त्या भवान्या काय तुला जन्मभर सोबत करणार आहेत? घाल ती अंगठी! आम्ही आहोत तुझ्या पाठीशी!"

"मंदाकिनी," दुर्गाबाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. पण त्यांचा आवाज असा कुणी ऐकला नव्हता.

"तिला सांगून काय उपयोग? तिला ऐकू जात नाही. मी इथं उभी आहे. मला सांग."

कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला.  दुर्गाबाईंनी पातेलं खाली ठेवलं. पदराला हात पुसले. मग वाकून त्यांनी अर्धा दिग्विजय उचलला, अर्धी राजनंदिनी उचलली, आणि दोघांना भिंतीशी टेकवून ठेवलं. त्यानंतर त्यांनी जे केलं त्याचं कारण फक्त त्यांनाच ठाऊक होतं. त्यांनी मला उचलून डावीकडे ठेवलं, जोडीदाराला उजवीकडे, आणि हातानं सरकवून रेषेला रेष जुळवली. रांगोळी थोडी विस्कटली. त्या जोडीदारावर बसल्या आणि दाराकडे बघून म्हणाल्या, "अहो, या. पान वाढलेलं आहे."

अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून असं "अहो" मी ऐकलं नव्हतं. महिपतराव दारातच गोंधळले. "मी खाली बसलो तर मला उठवणार कोण?" ते म्हणाले.

"मी आहे ना," नसीमताई म्हणाल्या. त्यांनी अळूचं पातेलं उचललं, पळी घेतली आणि मंदाकिनींना डोळ्यांनी बाजूला केलं. "बसा भाऊ. चार माणसं हवी होती ना दुर्गाबाईंना? परवा त्यांच्या घरी गेले होते मी, तेव्हा रडत होत्या, त्यांनीच सांगितलं. मला आमंत्रणच नव्हतं, मी दुसऱ्या तटातली ना, त्यांना वाटलं मी लग्नाच्याच विरुद्ध. एक मी. आणखी तीन कोण आहेत?"

कोपऱ्यातून निकिता उठली, ती आयटीत काम करणारी आणि मालिकेला नावं ठेवतच ती बघणारी. मग एक आजोबा उठले. आणि मग बराच वेळ कुणी उठलं नाही. मंदाकिनींनी पुठ्ठ्याचं जोडपं काखेत मारलं आणि त्या निघून गेल्या. त्या गेल्यावर त्यांचे यजमान, संजय, खुर्चीतून उठून मुकाट्यानं कोशिंबिरीचं भांडं घेऊन वाढायला आले. चौथे तेच.

पुढच्या महिन्यात दुर्गाबाई आणि महिपतरावांनी नोंदणी केली. मंदाकिनी आल्या नाहीत. राजनंदिनीचं अजून अडलेलंच आहे, आणि तिच्यासाठी हॉलमध्ये अजून भांडणं होतात. होऊ देत. आम्ही दोघं मात्र आता कपाटात नाही, दुर्गाबाईंच्या घरी आहोत. कुणाला हवे असलो तर त्या अजूनही देतात. फक्त, कुणाला बसवायचं आहे, ते आधी विचारतात.

मित्रांनो, तुमच्याकडेही असे पाट कुठे तरी पलंगाखाली पडले असतील. त्यांना बाहेर काढा, तेलाचा हात फिरवा, ओल्या फडक्यानं घासू नका. आणि माझ्याकडे आलात तर एवढंच बघा, की माझ्या उजव्या कोपऱ्याशी, पितळी फुलाच्या बाजूला, एक हिरवट तेलकट डाग आहे. त्या दुपारी पहिला घास घेताना महिपतरावांचं लक्ष दुर्गाबाईंकडे होतं आणि अळूची भाजी माझ्यावर सांडली. मला रंगाचा डबा ठेवायला वापरा, दाराला लावून ठेवा, माझी तक्रार नाही. तेवढा डाग मात्र कुणी पुसू नका.