खोलीबाहेरच्या चपला

लोहगडाखालच्या त्या वाडीत आता मोबाइलला भरपूर रेंज असते. परवा मी गेले, तर शालनमावशींच्या टपरीवर पिठलं-भाकरीची वाट बघणारी पोरं माना खाली घालून आपापल्या फोनमध्ये बुडालेली, आणि शेजारची चहावालीही तशीच. ह्याच रेंजसाठी एके काळी आम्ही देव पाण्यात ठेवून बसलो होतो. आता ती मिळाली, तर मला मेली ती जुनी खोलीच आठवत राहिली.

खोली म्हणजे समाजमंदिरामागची. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशाच्या सरकारनं मदत दिली, त्यातून छपरावर उपग्रहावरून इंटरनेट घेणारी पांढरी थाळी बसली, आत कॉम्प्युटर आले आणि ते सांभाळायला तळेगावहून मी आले. डोंगराच्या आडोशामुळे वाडीत तेव्हा फोन लागतच नसे. त्या देशात कुणीतरी नकाशा पसरून खेडोपाडी इंटरनेट न्यायचं धोरण ठरवलं असणार. वाडीनं त्याचं काय केलं हे बघून त्यांनी कपाळाला हात लावला असता. मी काही न सांगता सगळे चपला बाहेर काढून आत येऊ लागले. एक जण बोलायला बसला की मागे अख्खी आळी उभी. खासगी बोलणं हा प्रकारच नव्हता. मी आधी जाम चिडायचे. पुढेपुढे मीही चपला काढून त्याच गर्दीत उभी राहू लागले, आणि खरं सांगते, तितकं सुख मला पुन्हा कुठल्या नोकरीत मिळालं नाही.

शालनमावशींची लेक चैताली मस्कतला नर्स. जावईही तिकडेच. चैतालीची सुट्टी शुक्रवारी, म्हणून शुक्रवारी दुपारी मावशी टपरी बंद करून, पदर नीटनेटका करून खोलीत हजर. चैतालीला दिवस गेल्याची बातमीही तिथेच सगळ्यांसमोर फुटली. मावशींना तिकडे जाणं परवडणारं नव्हतं, चैतालीला इतक्यात येणं जमणार नव्हतं. पहिलं नातवंड बघायचं तर त्याच पडद्यावर.

नेमकं तेव्हाच कळलं की मदतीची मुदत संपतेय. तिकडून एक बाई येणार, खोलीचा वापर होतो का ते बघणार, आणि होत नसला तर थाळी उतरवणार. मावशींनी मला गाठलं.

"मॅडम, बाळ येईस्तवर तरी ऱ्हाईल ना वो ती थाळी?"

"राहील हो मावशी," मी म्हटलं. खरं तर मलाच ठाऊक नव्हतं.

पाहुणी यायची ठरली तोवर चैतालीचे दिवस भरत आले होते, आणि वार नेमका शुक्रवार. सरपंच दिगंबरभाऊंनी फर्मान काढलं: खोली धुवायची, तोरण लावायचं, आणि त्या दिवशी कुणीही यंत्रापुढं बसायचं नाही.

"अहो भाऊ, त्या वापर बघायलाच येतायत!" मी डोकं आपटून घेतलं.

"पावण्याम्होरं पसारा मांडून बसायचं व्हय? तुमी शिकलेल्या, पर ही रीत आमाला म्हाईत हाय."

मावशींनीही त्यांचीच री ओढली. वर स्वतः भरतकाम केलेली आच्छादनं आणून कॉम्प्युटरवर घातली. चैतालीला त्यांनी आधीच बजावलं होतं, ह्या शुक्रवारी फोन करू नको म्हणून.

बाई आल्या. दारात रांगोळी, सगळी वाडी ठेवणीतल्या कपड्यांत बाहेर उभी, आत चिटपाखरू नाही. बाईंनी झाकलेली यंत्रं पाहिली, लखलखीत फरशी पाहिली आणि हळूच मला इंग्रजीत विचारलं, "हे कुणी वापरतच नाही का?"

त्या काय विचारतायत ते भाऊंनी अंदाजानं ताडलं आणि छाती फुगवून म्हणाले, "सांगा त्यांना, हात बी लावू देत न्हाई आमी कुनाला!"

ह्याचं भाषांतर मी मेले तरी करणार नव्हते. मी सारवासारव करायला तोंड उघडलं, एवढ्यात आच्छादनाखालून कॉम्प्युटर वाजायला लागला.

कुणाचा फोन ते सगळ्यांना कळलं. मावशी शाल-नारळाचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"वाजू दे, थांबंल आपसूक," भाऊ कुजबुजले.

थांबलाही. कुणी हललं नाही. आणि पुन्हा वाजायला लागला.

"जरा धरा वो बाई," म्हणत मावशींनी ताट सरळ पाहुणीच्या हातात कोंबलं, आत धावल्या आणि आच्छादन ओढून फेकलं. पडद्यावर जावई, हातात गुंडाळलेलं गाठोडं.

"आई, मुलगी झाली. राहवलं नाही म्हणून लावला."

मावशी काचेवरूनच बाळाच्या गालावर हात फिरवत राहिल्या. मग काय, पाव्हण्यांची रीत गेली खड्ड्यात. चपलांचा दाराशी ढीग पडला, सगळी वाडी आत घुसली, सर्वांत पुढे दिगंबरभाऊ. पाहुणी ताट सांभाळत भिंतीला चिकटली होती आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती. तिनं मला परत काही विचारलं नाही.

थाळी राहिली. मावशींची नात पायल त्या पडद्यावर रांगली, चालली, बोबडं बोलली, आणि दर शुक्रवारी तिला आजीच्या मागे अख्खी वाडी दिसायची. मग टॉवर आला, घरोघरी फोन आले, थाळी उतरली. खोलीत आता मंडपाच्या खुर्च्या रचून ठेवतात.

परवा मी टपरीवर असतानाच मावशींचा फोन वाजला. पायल होती, चांगली मोठी दिसत होती.

"आजी, तू रोज एकटीच असतेस. सगळे कुठे गेले?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी रस्त्यापलीकडे हाक मारली.

"ओ दिगंबरभाऊ! पोर इचारतीया तुमास्नी!"

पलीकडच्या दुकानात भाऊ मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. तो खिशात टाकून ते उठले. पाठोपाठ चहावालीही आली. रस्त्याकडेची टपरी ती, गिऱ्हाइकं बूट घालूनच बाकड्यांवर बसलेली. भाऊंनी मात्र बाहेर मातीतच चपला काढल्या आणि ते मावशींच्या मागे येऊन उभे राहिले.