फादर इनासांची कळशी

परदेशात, बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये नळाला चोवीस तास पाणी होतं, आणि तरी ऐंशीच्या घरातले फादर इनास लोपीस पाणी साठवत. बादल्या, पातेली, बिस्किटांचे डबे, भाचीचा प्रेशर कुकरसुद्धा! पलंगावरून पाय खाली टाकला की छपाक.

भाची साधना त्यावर फारसं बोलायची नाही. मामाचं वाळवंट तिला ठाऊक होतं. तरुणपणी वसईहून निघालेले हे धर्मगुरू आफ्रिकेतल्या एका युरोपीय वसाहतीच्या पार टोकाला पोचले होते. वाळू, सैन्याची चौकी आणि एक विहीर, बस्स. वसाहत सोडून जाताना शिपायांनी विहिरीत सिमेंट ओतलं. मग तहानलेली माणसं मिशनच्या दाराशी येत राहिली आणि फादर पिंपातलं पाणी पेल्याने वाटत राहिले. पिंप संपल्यावर एक बाई आली, कडेवर मुलगी घेऊन. फादरांनी पिंप आडवं केलं, तळाची ओल बोटाने पुसून पोरीच्या ओठांना लावली. पोरगी वाचली नाही; तिला वाळूत पुरलं त्यांनीच.

तेव्हापासून रिकामं भांडं दिसलं की त्यांचा जीव कासावीस होई.

पण आता ब्लॉकमध्ये डेंग्यू शिरला होता. डासांची तपासणी करणारे ताकीद देऊन गेले होते आणि आज संध्याकाळी परत येणार होते. ऑफिसला निघताना साधना शांतपणे म्हणाली, "मामा, आज हे पाणी गेलं नाही, तर तुम्हाला वृद्धाश्रमात ठेवावं लागेल. माझा इलाज नाही."

मग फादरांनी काय करावं? गळ्यात पूजाविधीचा पट्टा, स्टोल, घातला आणि एकेका भांड्यावर हात धरून सगळं पाणी आशीर्वादित करून टाकलं! पवित्र पाणी मोरीत ओतत नाहीत, हे वसईच्या लेकीला कुणी शिकवावं लागत नाही.

साधनाची मुलगी मैत्रेयी शाळेतून आली आणि हे ऐकून तिने कपाळाला हात लावला. "स्मार्ट आहात लाह, आजोबा," इथल्या पोरांसारखा शेवटी 'लाह' जोडत ती म्हणाली. "पण मातीत ओतलेलं चालतं. तुम्हीच सांगितलं होतंत."

तिने बादली उचलली. लिफ्टने खाली, झाडाच्या बुंध्याशी ओतून वर, पुन्हा खाली. फादर मागे मागे फिरत विनवत होते, ही एक राहू दे, ही तरी राहू दे. शेवटी कपाटामागची कळशी पोटाशी घेऊन त्यांनी फरशीवर बसकण मारली.

"कुणी आलं तर काय देऊ मी?"

मैत्रेयीने मोबाइलचा टॉर्च कळशीत धरला. अळ्या वळवळत होत्या.

"खालच्या मजल्यावरची श्रिया हॉस्पिटलमध्ये आहे आजोबा," ती हळूच म्हणाली. "चार वर्षांची आहे."

फादर पाण्याकडे बघत राहिले. त्या दुसऱ्या पोरीचं वय त्यांना कधी कळलंच नव्हतं. असेल तेवढीच.

ती कळशी त्यांनी मैत्रेयीला उचलू दिली नाही. स्वतः खाली नेली, झाडाशी ओणवे झाले, पण हात काही वाकेना. तिने त्यांच्या हाताखाली हात धरला. पाणी मातीत गेलं, वाळूत जायचं तसंच, बघता बघता.

"आता कुणी आलं तर?"

"मी वरून आणून देईन. लिफ्ट आहे ना."

त्यांनी मान डोलावली. विश्वास मात्र बसला नाही. रिकामी कळशी मांडीवर घेऊन ते तिथेच झाडाभोवतीच्या कठड्यावर बसले, आणि बस स्टॉपकडून येणाऱ्या प्रत्येक बाईच्या कडेवर बघत राहिले.