भुंग्याच्या शेजारचं घर

माझ्या घरात भिंतीला खिडक्या आहेत तेवढ्या पुरेत, विंडोज नको, असं मी भुंग्याला दोन वर्षं ऐकवत होते. भुंग्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. दिवसभर गुणगुणायचा म्हणून हे नाव. त्याच्या लॅपटॉपवर विंडोज होतं, माझ्याकडे लिनक्स, कॉम्प्युटर चालवणारी दुसरी प्रणाली. एका छापखान्याचे सगळे कॉम्प्युटर मी लिनक्सवर सांभाळते आणि त्याचा मला माज आहे, लपवत नाही. भुंग्याचं एकच पालुपद असायचं: ताई, माझा गेम तुझ्या मशीनवर बसव ना, दोघं खेळू, बेटावर माझ्या शेजारचं घर रिकामं आहे. मी म्हणायचे, असले रिकामटेकडे धंदे तुला लखलाभ. मग त्याला ताप आला, तिसऱ्या दिवशी ताप मेंदूत गेला, आणि विषयच संपला. याला चार वर्षं झाली.

गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की आईचं समोरचं दिसणं जायला लागलंय, हळूहळू पूर्ण जाणार, कडेकडेचं तेवढं राहील. आई रडली नाही. घरी येऊन मटार सोलायला बसली आणि म्हणाली, भुंग्याचं ते बेटावरचं घर मला एकदा दाखव. तो खेळायचा तेव्हा ती शेजारी बसून हेच करायची, मटार सोलायची नि बघायची. त्या घराच्या पायरीवर एक कुत्रा बसलेला असायचा.

"पण जपून," ती म्हणाली. "महिनाभर घराकडे कोणी फिरकलं नाही की कुत्रा निघून जातो. तो सांगायचा, आणि दिवस मोजतात ते गेम उघडल्यावर. म्हणून तर मी तो लॅपटॉप कोणाला उघडू दिला नाही."

म्हणजे चार वर्षं आमच्या आईने एका कुत्र्याला त्याचा मालक गेल्याचं कळू दिलं नव्हतं. मला आधी हसू आलं आणि मग अंगावर काटा आला.

लॅपटॉप सुरूच होईना. आतली डिस्क काढली. ती एकदाच वाचता आली, त्यातलं सगळं मी उतरवून घेतलं, आणि टकटक करत तिने मान टाकली. आता काय ते माझ्या मशीनवर. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवायला वाइन नावाचा प्रोग्रॅम लागतो. हे आईला सांगितलं तर म्हणाली, घरात तेवढंच यायचं राहिलं होतं. या वाइनचं काम गेमला बेमालूम थापा मारायचं. हे विंडोजच आहे हो, ही काय तुझी सी ड्राइव्ह, बस निवांत. पण हा गेम महा हटवादी. त्याला फायलींचा जुनाच पत्ता हवा होता आणि त्या पत्त्यात भुंग्याचं नाव होतं. शेवटी कंटाळून मी माझ्या मशीनवर भुंग्याच्या नावाचं खातं उघडलं.

तेव्हापासून सकाळी कॉम्प्युटर लावला की पडद्यावर दोन नावं यायची, माझं आणि त्याखाली त्याचं. आत कोण कोण आहे, असं मशीनला विचारायची एक कमांड असते. छापखान्यातल्या सवयीने माझी बोटं ती टाइप करायची, आणि मशीन सरळ सांगायचं की भुंग्या आत आहे, सकाळपासून. खातं मीच उघडलेलं, हे पक्कं माहीत असून मला भीती वाटायची. पंखा घुमायला लागला की मी खोलीबाहेर जायचे.

तेरा दिवस नुसता काळा पडदा. चौदाव्या दिवशी गेमचं नाव झळकलं आणि मी तो तिथेच बंद केला. आईशिवाय मला तो उघडायचा नव्हता.

रविवारी दुपारी तिला शेजारी बसवलं. मशीनची तारीख मी चार वर्षं मागे नेली, भुंग्या शेवटचा खेळला त्या गुरुवारावर. शिवाय त्या खोट्या सी ड्राइव्हच्या दहा प्रती काढून ठेवल्या होत्या. आईला म्हटलं, एक कुत्रा गेलाच तर आपल्याकडे आणखी दहा आहेत.

गेम उघडला. समुद्र आला, मग बेट, मग घर. दिवा विझलेला होता आणि पायरी रिकामी होती.

मी कोपऱ्यात पाहिलं तर तारीख आजची. मशीन मधूनमधून नेटला विचारून आपलं घड्याळ आपणच दुरुस्त करतं, ते बंद करायला मी विसरले होते. वीस वर्षं हेच काम करते मी. आणि गेमने उघडल्या उघडल्या सगळं सेव्हही करून टाकलं होतं. मी पहिली प्रत उघडली. पायरी रिकामी. दुसरी, तिसरी, पाचवी. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. वाइनच्या सी ड्राइव्हमधला डॉक्युमेंट्स फोल्डर खरा नसतो. ती नुसती पाटी असते, बाहेरच्या खऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी. भुंग्याचं घर त्या बाहेरच्या फोल्डरात होतं. मी दहा वेळा पाटीची प्रत काढली होती. घर एकच होतं.

"गेला गं आई," मी म्हणाले. "मी घालवला."

आणि भुंग्या गेला तेव्हा रडले नव्हते तेवढी रडले.

आई मान वाकडी करून कडेने पडद्याकडे बघत होती. म्हणाली, ती टपालाची पेटी लुकलुकतेय बघ. पेटीत गेमनेच लिहिलेलं इंग्रजी पत्र होतं. तिला अक्षरं दिसेनात, म्हणून मी आपल्या भाषेत वाचून दाखवलं. 'तू बरेच दिवस आला नाहीस. कुत्रा पायरीवरून हलेना, म्हणून त्याला माझ्याकडे घेऊन आले आहे. दिवा मालवला आहे. काळजी करू नकोस.' खालचं नाव मी वाचलं नाही.

"नाव वाच," आई म्हणाली.

"शेजारीण आहे कोणीतरी."

"माझ्यासमोर टाइप केलंय त्याने ते नाव. तू येईनास, म्हणून त्या रिकाम्या घराला तुझं नाव दिलं. वाच."

"चिडकी ताई," मी वाचलं.

मग आई म्हणाली, बसलीस काय, जा, बाणाची बटणं दाब, तो कुंपणाच्या उजवीकडून जायचा. मी कुंपणाच्या उजवीकडून गेले. शेजारच्या घरात दिवा होता. पायरीवर कुत्रा होता. त्याने मान वर केली, एकदा थांबून पाहिलं, आणि धावत सुटला तो थेट माझ्या पायाशी, शेपटी हलवत.

"ओळखलं का त्याने?" आईने विचारलं. तिला एवढं बारीक दिसत नव्हतं.

"हो. त्याला वाटलं भुंग्या आला."

"मग वाटू दे," ती म्हणाली आणि तिने मटाराची परात पुढे ओढली.

संध्याकाळी मशीन बंद करायला बसले. सवयीने विचारलं, आत कोण कोण आहे. त्याने दोन नावं सांगितली. मी मशीन बंद केलं नाही.