दगडावर नसलेला ‘ह’

आमच्या तैगेतोसवर पाण्याचं दुखणं जुनंच आहे. डोंगर एवढा थोरला, मे महिन्यापर्यंत माथ्यावर बर्फ, आणि उन्हाळा लागला की शेळीच्या तोंडात घालायला थेंब नाही. सगळं पाणी चुनखडीच्या भोकांत गडप होतं आणि खाली दुसऱ्याच्याच दारात निघतं. वर खिंडीपाशी तेवढा एक झरा बारमाही. माझ्या शेळ्या त्या झऱ्यावर जगतात आणि मी शेळ्यांवर. आणि ह्या झऱ्याचा निकाल कशावर लागायचा होता, तर वाटेतल्या कातळावर कोरलेल्या चार अक्षरांवर!

ग्रीक लिपीतली ती चार अक्षरं म्हणतात ‘ओरोस’. ओरोस म्हणजे डोंगर, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण माझी थोरली बहीण गारूफालिया शाळेत जुनी ग्रीक शिकवायची, आणि जन्मभर तिचं एकच पालुपद: “अरे पानागोस, डोंगरावर कोणी ‘डोंगर’ असं लिहितं का? तू शेळीवर ‘शेळी’ लिहितोस?” तिचं म्हणणं, जुन्या काळी शब्द दोन होते. ओरोस म्हणजे डोंगर, होरोस म्हणजे शीव, हद्द. तो ‘ह’ दगडावर कोरलेला नाही, आणि बोलण्यातून तर कधीच गेला. आज दोन्ही शब्द आमच्या तोंडी ओरोसच. ताई वर्गात मुलांना तळहात तोंडासमोर धरायला लावायची. हाताला फुंकर लागली तर शीव, नाही लागली तर डोंगर. मुलं मागून तिला फुंकरबाई म्हणायची.

शीव कोणाची, हेही ती सांगायची. अलीकडे स्पार्टावाले, म्हणजे आम्ही, पलीकडे मेसिनियावाले. ह्या उतारासाठी दोघांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची डोकी फोडली. मग रोमन आले, त्यांनी हा उतार कधी ह्यांना दिला, कधी त्यांना. मी म्हणायचो, असेल बुवा. मेलेल्यांच्या भांडणाचं मला काय? पण झरा कातळाच्या पलीकडे आहे, म्हणजे कातळ शीव ठरला तर झरा त्यांचा, हे माझ्या डोक्यात आलं ते फार उशिरा. पलीकडच्या लिनार्दोसला आपल्या नव्या हॉटेलात नळाने पाणी न्यायचं होतं, तेव्हा.

मोजणीचा साहेब यायचा दिवस ठरला. लिनार्दोस आमच्या चौकात येऊन, सगळ्यांसमोर छातीवर हात ठेवून म्हणाला, “बाईंनीच मला शिकवलंय. त्या कातळ वाचतील ते मला मान्य. त्या मेल्या तरी खोटं बोलायच्या नाहीत.”

आमचा सरपंच व्रासिदास कॉफी सांडत उठला. “मान्य! आम्हालाही मान्य!” ह्या गाढवाने ताईचं एकही व्याख्यान शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं. मी कपाळावर हात मारला.

घरी गेल्यावर मी ताईला म्हणालो, “आजवर गावात तुझं एक अक्षर कोणी ऐकलं नाही. आता पहिल्यांदा ऐकणार, आणि तेही माझ्या मुळावर येऊन!”

“मी काय करू? शीव आहे ती शीव आहे.”

“मग माझ्या शेळ्यांना काय, तुझं व्याकरण पाजू?”

“पानागोस, मी खोटं बोलणार नाही.”

“बोलू नकोस ना! तुझ्या एका फुंकरीपायी माझं बिऱ्हाड उठणार आहे. ती फुंकर तेवढी मारू नकोस, बस्स!”

ती ऑलिव्हची बशी माझ्यापुढे सरकवून आत निघून गेली. माझा नुसता संताप संताप झाला होता. तिच्यावर, लिनार्दोसवर, आणि सगळं पाणी गिळून बसलेल्या ह्या डोंगरावर.

दुसऱ्या दिवशी सगळे कातळापाशी जमलो. साहेब कोवळा, पायात गुळगुळीत बूट, दर पावलाला घसरणारा. ताई चढून आली होती ती लालबुंद होऊन. तिचं वय काय, गुडघे काय! तरी तिने ओल्या फडक्याने अक्षरं पुसली. चढणीची धाप बसेपर्यंत ती थांबली. लिनार्दोस हसत उभा होता. त्याने तर गंमत म्हणून तळहात तोंडासमोर धरलासुद्धा, वर्गात धरायचा तसा.

“बोला बाई,” साहेब म्हणाला. “काय लिहिलंय?”

“ओरोस,” ताई म्हणाली.

मी वाट पाहत राहिलो. आता सुरू होईल: अरे बाळ, तसं नव्हे, पुरातन काळी इथे एक ‘ह’ होता. ती तासभर बोलू शकायची त्याच्यावर. ती बोललीच नाही.

“ऐकलंत?” लिनार्दोस ओरडला. “ओरोस!”

“ओरोस!” व्रासिदासही ओरडला, आणि दोघांनी एकमेकांना चक्क मिठी मारली.

साहेब मोठ्याने म्हणत लिहू लागला, “कातळावर ‘डोंगर’ असा शब्द. हद्दीची खूण नाही. झऱ्याची वहिवाट आहे तशीच.”

लिनार्दोसचा हात खाली आला. “बाई? अहो, कुठला ओरोस ते सांगा ना त्याला!”

ताई फडकं पिळत होती. “आहे ते वाचलं मी, लिनार्दोस.”

“वाचलं तेच लिहिलंय,” साहेब म्हणाला आणि वही मिटून घसरत उतरायला लागला. लिनार्दोस शब्द देऊन बसलेला. तो भांडला नाही. ताईकडे नुसता बघत राहिला, आणि मग पलीकडे उतरून गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी शेळ्या झऱ्यावर आणल्या. त्या ढोसून प्यायल्या. मी पेला भरून ताईला दिला. ती दगडावर बसली होती. झऱ्यापर्यंतच्या चढाने तिला पुन्हा धाप लागली होती. पेल्याला तिने हात लावला नाही.

“तू खोटं नाही बोललीस, ताई,” मी म्हणालो. “हल्ली सगळे तसंच म्हणतात.”

तिने तळहात तोंडासमोर धरला आणि तशीच धापा टाकत राहिली, ह, ह, ह.

“आता बघ कशी येतेय,” ती म्हणाली. “लागेल तेवढी.”